पाऊण मीटरचे तुकडे

इयत्ता: सहावी. विषय: गणित. घटक: अपूर्णांकांचा भागाकार. वेळ: पस्तीस मिनिटं. पाठ घेणार: गणिताच्या बाई.

हेतू: कॉलेजचं विद्यापीठ व्हावं.

(याच्याखाली बाईंनी पेन्सिलीने आणखी एक ओळ लिहिली होती. मग ती खोडली. मग खोडलेलं दिसतंय म्हणून अख्खं पान फाडलं आणि पाठाचं टाचण दुसऱ्या पानावर पुन्हा उतरवलं.)

पूर्वज्ञान

ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं ते धान्याच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत. अकरा छात्राध्यापक, दोन मास्तर आणि फळा एकच. या खोलीतला तास संपला की फळा उचलून त्या खोलीत न्यायचा, तोवर तिकडच्यांनी हाताची घडी घालून बसायचं. जुने लोक अजून सांगतात की पहिल्या वर्षी पूर्ण हजेरी फक्त उंदरांची भरली.

मग स्वतःची इमारत आली. शिकाऊ मास्तरांना हात बसवायला आवारातच सराव शाळा निघाली. हात बसवायला म्हणजे शिकवण्याचा. दुसऱ्या अर्थाने बसवणारेही होते, पण ते टिकले नाहीत. मग विज्ञान आलं, भाषा आल्या, वसतिगृह आलं, वसतिगृहाच्या तक्रारी आल्या. अकराचे एकोणीसशे झाले. पण पदवीवरचा शिक्का दूरच्या विद्यापीठाचा, आणि तिथून निकाल यायला कधी आठ महिने, कधी दहा. आपण पास झालो की नाही हे पोरांना कळेपर्यंत शाळांमधल्या जागा भरून जायच्या. स्वयंपाक आमचा आणि मीठ शेजारच्या घरी, असा सगळा कारभार.

बाई इथे सत्तावीस वर्षं होत्या. गणित कसं शिकवायचं, हे शिकवायच्या. आत्ताचे प्राचार्य त्यांच्याच हाताखालून गेलेले. त्या काळी त्यांचं नाव पडलं होतं 'टाचण', कारण टाचणवही हातात नसेल तर हा माणूस स्वतःचं नावही चाचरत सांगायचा. आता ते एकोणीसशे पोरांचे साहेब होते. नाव मात्र तेच राहिलं, पाठीमागे.

उद्या तीन जणांची समिती येणार होती. कागद पाहणार, इमारत पाहणार आणि शेवटी एक पाठ पाहणार. त्यावर ठरणार: कॉलेज की विद्यापीठ.

आदल्या दिवशी, दुपारी

ऑफिसातल्या हेडक्लार्कला सगळे 'शिक्का' म्हणत. त्याने दार लोटून घेतलं आणि जाड नियमावली बाईंपुढे सरकवली.

"सतराव्या पानावरचं वाचलंत का हो?"

बाईंनी चष्मा लावला. डॉक्टरेट नसलेल्या अध्यापकांना विद्यापीठाच्या वर्गांवर नेमता येणार नाही. त्यांना सराव शाळेत सामावून घ्यावे.

"हे कधी आलं?"

"झाले की सहा महिने. साहेब म्हणाले, फाईल माझ्याच टेबलावर राहू दे."

"असे किती जण आहेत आपल्याकडे?"

"तुम्ही."

"आणि?"

"आणि तुम्हीच, बाई. बाकीच्यांनी कधीच उरकून घेतली. तुम्हाला विचारलं की तुमचं एकच, वेळ कुठाय. आता घ्या." शिक्क्याला वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की त्याची जीभ जास्तच चालायची. "माझ्याकडून कळलं म्हणून सांगू नका म्हणजे झालं. माझी तीन वर्षं राहिलीत."

"माझी चार," बाई म्हणाल्या.

आपल्या खोलीत येऊन त्या बसतात न बसतात तोच दारात टाचण.

"बाई, येऊ का?"

"साहेबाने विचारायचं असतं होय?"

"उद्याचा पाठ तुम्ही घ्यायचाय." तो बसला नाही. "दुसऱ्या कुणाचं नाव डोळ्यासमोर येईना."

"तो नवा डॉक्टर आहे ना. घे म्हणावं."

"बाई, त्याला वर्गात घाम फुटतो. तुमच्यावर आहे सगळं. एकोणीसशे पोरांचं भवितव्य…"

"पाठ आहे रे, भाषण नको." बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याची नजर खिडकीवर, कपाटावर, फळ्यावर जाऊन आली, बाईंवर ठरली नाही. "आणखी काही सांगायचंय का मला?"

"नाही. काही नाही."

आता सांगेल, मग सांगेल, म्हणून बाईंनी वाट पाहिली. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. आठव्या आकड्याला तो निघून गेला.

आदल्या दिवशी, संध्याकाळी

बाईंचे यजमान पाणीपुरवठ्यात होते. गावाचे व्हॉल्व उघडायचे आणि बंद करायचे, जन्मभर. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "त्यात काय एवढं? उद्या आजारी पड."

"अहो, काहीतरीच काय!"

"अगं, मी एक दिवस व्हॉल्व सोडला नाही तर अख्खं गाव माझं नाव काढतं. तू एक दिवस बंद राहा. कळेल त्यांना."

"आणि विद्यापीठ नाही झालं तर? त्या पोरांचे निकाल?"

"मग जा आणि घे पाठ. चांगला घे आणि स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव पुस."

यजमानांनी चहाचा कप खाली ठेवला. "तिसरा रस्ता आहे," ते हलकेच म्हणाले. "पाठ घे. पण असा घे की पडेल. तुला कोण बोलणार? वय झालं म्हणतील."

खरं सांगायचं तर हीच ती ओळ, जी पेन्सिलीने लिहून खोडली होती.

साहित्य

लाल रिबीन, कात्री, मीटरपट्टी. रंगीत खडू दोन. मुलं छत्तीस. मागच्या बाकांवर चाळीस छात्राध्यापक, नवा डॉक्टर, प्राचार्य, आणि समिती: एक अध्यक्ष, एक सतत लिहिणाऱ्या चष्मेवाल्या मॅडम, एक गृहस्थ ज्यांना जेवण जड झालं होतं.

प्रस्तावना

"तीन मीटर रिबीन आहे. मला तिचे…"

छत्तीस हात वर.

बाईंचं वाक्य अजून तोंडातच होतं. किती मीटरचे तुकडे, हे त्या बोललेल्याच नव्हत्या.

"हं, बोल."

"सहा तुकडे! म्हणजेच आपल्या असं लक्षात येतं की अर्ध्याने भागलं की उत्तर दुप्पट येतं."

म्हणजेच आपल्या असं लक्षात येतं की. अकरा-बारा वर्षांचं कोणतं पोर असं बोलतं? जगात एकच माणूस असं बोलतो, आणि तो मागच्या बाकावर ताठ बसला होता.

दुसरा मुलगा उठला. "बाई, माझं उत्तर दीड आलंय." आणि लगेच तिसरी मुलगी, "नाही रे, तू भागण्याऐवजी गुणलंस!" अगदी वेळेवर. एक चूक, एक दुरुस्ती. तिसऱ्या मिनिटाला एक छानशी चूक पेरायची, ही टाचणची विद्यार्थीदशेपासूनची खोड.

म्हणजे पाठ बसवून घेतला होता. आज सकाळीच. शाळा भरायच्या आधी बाईंनी टाचणवही त्याच्याकडे सहीला दिली होती, त्यावरून.

अध्यक्ष खूश होऊन मान डोलवत होते. मॅडम लिहीत होत्या. बाईंनी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं झाली होती. उरलेली एकतीस मिनिटं नुसतं उभं राहिलं असतं तरी भागलं असतं. गाडी उतारावर होती, आपोआप जाऊन विद्यापीठात थांबली असती. आणि बाई सराव शाळेत.

त्यांच्या कानशिलांत गरम झालं.

"हात खाली," त्या म्हणाल्या. "दुसरं गणित घेऊ."

मिनिटं

पाचवं. बाईंनी रिबिनीचे दोन मीटर मोजले, बाकीची कापून टाकली. "ही दोन मीटर. मला पाऊण मीटरचे तुकडे हवेत. किती होतील?" हा प्रश्न टाचणात नव्हता. तो रागातून आला, की पाठ पाडण्याच्या इच्छेतून, की दुसरंच काही होतं, हे त्यांना तेव्हा कळलं नाही आणि नंतरही नाही.

सहावं. एकही हात नाही.

सातवं. मुलं मागे वळून प्राचार्यांकडे पाहायला लागली. प्राचार्य छताकडे.

आठवं. बाई मोजत होत्या. दहा झाले, वीस झाले. वर्गातली शांतता म्हणजे काय चीज असते ते फळ्यापाशी उभं राहिलेल्यालाच माहीत. विहिरीत दोर सोडतोय आणि पाणी लागत नाही, तसं.

दहावं. "उलटं करून गुणायचं," एक पुस्तकी पोरगा म्हणाला, आणि फळ्यावर येऊन त्याने ते केलंही. दोन गुणिले चार तृतीयांश. आठ तृतीयांश. दोन पूर्णांक दोन तृतीयांश. आता सुटलो, असा सुस्कारा मागच्या बाकांवरून ऐकू आला.

अकरावं. "कापून बघूया का?" बाई म्हणाल्या.

चौदावं. खिडकीपाशी बसणारी एक मुलगी, जिला एरवी कोणी उठवत नसे, कात्री घेऊन आली. पाऊण मीटर, चक. पाऊण मीटर, चक. उरलेला तुकडा तिने पट्टीला लावला. "अर्धा मीटर उरला, बाई. म्हणजे दोन तुकडे आणि अर्धा. अडीच."

"फळ्यावर तर दोन पूर्णांक दोन तृतीयांश आहे."

"पण हा अर्धाच आहे. बघा ना!"

पंधरावं. "बरोबर आहे की तिचं!" हे मागून अध्यक्ष बोलले. न राहवून. बोलल्यावर त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग रिबिनीकडे.

सोळावं ते पंचविसावं. अख्खा वर्ग दुभंगला. नियम म्हणतो एक आणि रिबीन म्हणते दुसरं. "नियम खोटा असतो का, येड्या?" "मग रिबीन खोटी आहे का?" बाई दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी शेजारी लिहून बाजूला झाल्या. मागे चाळीस वह्यांमध्ये पेनं घाईघाईने चालत होती. बाईंना दिसलं: कित्येकांनी वहीच्या कोपऱ्यात गणित करायला घेतलं होतं आणि त्यांचंही सुटत नव्हतं. इतकी वर्षं सगळ्यांनी निःशेष भाग जाणारी गणितंच शिकवली होती. बाईंनीच तशी निवडून दिली होती.

टाचणचा रुमाल पिळून निघाला होता.

तेहतिसावं. खिडकीवाल्या मुलीने उरलेला तुकडा पाऊण मीटरच्या तुकड्यावर ठेवला. टोकाला टोक. बराच वेळ बघत राहिली. "बाई, हा याच्या अर्ध्यापेक्षा मोठा आहे."

"मग अर्धा कशाचा?"

चौतिसावं. मुलीने तोंड उघडलं.

पस्तिसावं. घंटा.

निरीक्षण

या कॉलेजात एक रीत होती, गोदामावरच्या खोल्यांपासूनची. पाठ संपला की पाठ घेणाऱ्याने खडू हातात धरून फळ्यापाशी उभं राहायचं, आणि मागच्यांनी आपलं निरीक्षण मोठ्याने वाचायचं. खडू हातात आहे तोवर चकार शब्द काढायचा नाही. खडू ठेवला की मनातलं बोलायचं, आणि मग दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

मुलं गेली. बाई उभ्या राहिल्या.

"पाठ अपूर्ण राहिला."

"फलकावर एकाच उदाहरणाची दोन उत्तरं राहिली. विद्यार्थ्यांच्या मनात गोंधळ."

"टाचणाप्रमाणे पाठ झाला नाही."

"बाईंचं गणित चुकलं असावं." हा नवा डॉक्टर होता. 'असावं' म्हणताना त्याचा आवाज पडला.

"शिस्त नव्हती."

"मला अजून उत्तर कळलेलं नाही," मागच्या कोपऱ्यातून एक मुलगी म्हणाली, आणि लाजून बसली.

मग प्राचार्य उठले. हातात वही नव्हती. बाईंनी या माणसाला वहीशिवाय उभं राहिलेलं पहिल्यांदा पाहिलं.

"आपण जे पाहिलं," ते समितीकडे वळून म्हणाले, "ती आमच्या बाईंची स्वतःची पद्धत आहे. अनेक वर्षांच्या प्रयोगातून आलेली. पाठ मुद्दाम अपूर्ण ठेवायचा. सुरुवातीचा सोपा भागही त्यातलाच. मुलांना आधी निर्धास्त करायचं, मग पायाखालची सतरंजी ओढायची. सगळं ठरवून."

खोली एकदम बदलली. जेवण जड झालेले गृहस्थ सावरून बसले. अध्यक्ष म्हणाले, "अस्सं! मलाही क्षणभर… म्हणजे मीसुद्धा मुद्दामच तसं म्हटलं."

चष्मेवाल्या मॅडमनी नियमावली उघडली. "असं असेल तर एक पोटकलम आहे. स्वतःची अध्यापन पद्धती विकसित केलेल्या अध्यापकाला डॉक्टरेटची अट लागू नाही. अठराव्या पानावर. बाईंना विद्यापीठात ठेवता येईल, आणि संस्थेच्या खात्यावर संशोधनही जमा होईल."

बाईंनी टाचणकडे पाहिलं. आज त्याची नजर ठरली. त्याला अठरावं पान पाठ होतं, हे त्या नजरेत लख्ख दिसत होतं. सहा महिने त्याने सतराव्या पानाची फाईल झाकून ठेवली आणि सहा महिने तो अठराव्या पानावरची फट शोधत बसला होता. आत्ता, वहीशिवाय, त्याने ती उघडली होती. ती नजर म्हणत होती, बाई, हो म्हणा. फक्त हो.

"बाई," मॅडम म्हणाल्या, "हे तुम्ही ठरवून केलंत?"

खडू हातात होता. बोलायचं नव्हतं. ही रीत आज पहिल्यांदाच बाईंना देवासारखी धावून आली.

हो म्हटलं की सगळं जागच्या जागी. विद्यापीठ. खोली. चार वर्षं. पोरांचे निकाल वेळेवर. कुणाचं काही बिघडत नव्हतं. आणि पुढच्या वर्षापासून चाळीस पोरं 'बाईंची पद्धत' शिकणार: पाठ कसा ठरवून अपूर्ण ठेवावा, कोणत्या मिनिटाला सतरंजी ओढावी. त्याचंही टाचण होणार. खिडकीपाशी बसणाऱ्या कुठल्यातरी मुलीला आठवडाभर आधी सांगून ठेवणार, तू अडीच म्हणायचंस हं.

बाईंनी खडू ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या. "ठरवून नाही."

"बाई!" टाचणच्या तोंडून निघालं. रीत मोडली होती. कुणी हसलं नाही.

"पहिलं गणित मुलांना आधीच येत होतं. कुणी सांगून ठेवलं ते विचारू नका. या बाकांवर बसणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी सांगून ठेवलंय. मीसुद्धा. म्हणून दुसरं घातलं. त्याचं काय होईल मला माहीत नव्हतं. त्या मुलीने काय म्हणावं हे मला आधी माहीत असतं तर मी तिचं ऐकलंच नसतं." मग थोडं थांबून, "आणि सतरावं पान मी वाचलंय. पाठ पडावा असंही मनात आलं होतं. त्यामुळे पद्धत वगैरे म्हणू नका."

मॅडमचं पेन कागदावर टेकलं होतं, चालत नव्हतं. "हे मला लिहावं लागेल."

"लिहा की."

"पाठ बसवून घेतले जातात, हेही."

"तेही लिहा."

"आणि तुमचं…"

"सराव शाळा आवारातच आहे," बाई म्हणाल्या. "लांब नाही."

त्या बाहेर पडल्या. जिन्यात कठडा धरून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या, नुसत्याच.

मूल्यमापन

पाच महिने कॉलेजात कुणी मोठ्याने हसलं नाही. टाचण बाईंना जिन्यात दिसला की दुसऱ्या जिन्याने जायचा. शिक्का म्हणाला, "एका शब्दाचं काम होतं हो. मी तर रोज पन्नास ठिकाणी हो म्हणतो." यजमानांनी एका सकाळी बाईंचा डबा भरून ठेवला, हे जन्मात पहिल्यांदा.

सहाव्या महिन्यात पत्र आलं. मंजूर. अटींसह. अटींची यादी लांबलचक होती; त्यात एक अशी की सराव शाळेतल्या कोणत्याही वर्गावर वर्षभर एकही सराव पाठ घेऊ नये. मुलांना शिकू द्यावं. खाली मॅडमची सही.

गावभर पेढ्यांऐवजी बातमी वाटली गेली. फाटकावरची पाटी उतरली, नवी चढली. प्राचार्यांचे कुलगुरू झाले, आणि पहिल्याच दिवशी स्वतः बाईंच्या खोलीत आले, हातात बदलीचा आदेश घेऊन.

"शिक्क्याबरोबर पाठवता आला असता," बाई म्हणाल्या.

"नाही आला." तो बसला. म्हणाला, "बाई, मी खोटं बोललो ते तुमच्यासाठी."

"माहीत आहे मला."

"मग?"

"मग काय? तू माझ्यासाठी बोललास आणि मी पाठासाठी. चहा घेणारेस की आता कुलगुरूंना चालत नाही?"

त्याने चहा घेतला. निम्मा प्यायला. आदेश टेबलावर ठेवून गेला.

गृहपाठ

सराव शाळा, इयत्ता सहावी, नवी तुकडी. बाई आत आल्या आणि छत्तीस हात वर झाले.

"अरे, मी अजून काही विचारलंच नाही."

हात तसेच. मागचे बाक मोकळे होते, पण मुलांच्या माना तिकडे वळून वळून येत होत्या.

"बाई, पाहुणे कुठायत?" एका मुलाने विचारलं.

"नाहीत. यंदा कुणी येणार नाही."

"उद्या?"

"उद्याही नाही."

"नक्की ना बाई?"

"नक्की."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. हात एकेक करून खाली आले, जणू कुणी ते इतकी वर्षं धरून ठेवले होते. मग पहिल्या बाकावरची, सगळ्या पाठांमध्ये सगळ्यात आधी उत्तर देणारी, उठून उभी राहिली. चेहरा लालबुंद.

"बाई, मला हातच्याची वजाबाकी येत नाही."

"मलापण," शेजारचा म्हणाला.

"मला तर पाढेच…"

मागच्या रांगेतून अजून चार आवाज आले, मग सहा. बाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. आठवड्याचे तीस तास. कॉलेजात बारा असायचे. तीस पुरणार नव्हते.